करदोड्याच्या कड्या

लातूर, गुरुवार, १९ सप्टेंबर

मंजू,

आधी ती बारकी पोरगी आली, चष्म्याची, तनुजा नावाची. तिच्यामागं तो उंच सत्यम, वजनकाटा दोन्ही हातांत असा धरून, जसा काही पालखीतला देव. सकाळचे सात. मी दारात सडा टाकून राहिले व्हते. म्हणली, 'आजी, आम्ही डॉक्टरकीच्या कालिजातून आलोय, घरोघरी तपासणी हाय.' शेजारची गुरम्मा खिडकीतून बघत व्हती. मी म्हणलं, या या, आत या! आमच्याकडं आधी आले ते बरं झालं. तिच्याकडं आधी गेले असते तर गल्लीभर सांगत फिरली असती.

तू म्हणशील, अव्वा फोन का करत न्हाई. फोन केला की तुझी आई स्पीकर लावती, आज्जा मधीच बोलतात, अन् तू तिकडं किनवटच्या जंगलात नर्सबाई होऊन बसलीस, टेकडीवर चढल्याबिगर तुला रेंज न्हाई. अन् प्रौढांच्या वर्गात दुसरीपर्यंत शिकले ते काय वाया घालवू? पत्रात मी एकटी बोलते, मधी कुणी बोलत न्हाई.

तर आज्जा तवा आंघोळ करून लिंगपूजेला बसले व्हते. पूजा झाल्याबिगर पाणी बी घेत न्हाईत, तुला ठाव हाय. तनुजा म्हणली, 'लई चांगलं, उपाशीपोटीच रक्त लागतं.' मंग वही काढून मला विचारती, 'आजोबांचं नाव काय?' मी पदर तोंडाला लावला. पन्नास वर्सं घेतलं न्हाई, आता घेऊ व्हय? तुझ्या आईनं आतून सांगितलं, 'अमृतराव लिहा.'

कमरेला टेप लावायला गेले तर आज्जांचा चांदीचा करदोडा मधी आला. माझ्या बापानं लग्नात घातलेला. पोट वाढलं की पुरत न्हाई, म्हणून दर पाडव्याला सराफाकडून एक कडी वाढवून आणते. गेल्या साली गुरम्माला म्हणलं बी व्हतं, 'आमच्या घरात बरकत हाय बाई, करदोड्याला कडी लागती.' तिचं तोंड एवढंसं झालं. सत्यमनं टेप बघून म्हणलं, 'एकशे चार.' मी म्हणलं, शाब्बास! पोरगा हसला न्हाई. 'आजी, बाप्यांची कंबर नव्वदच्या आत पाहिजे.' तुझा बाप सोमेश दाळीच्या दुकानात गादीवर बसून बसून एकशे एक झालाय. तुझ्या आईची शहाऐंशी, तिला ऐंशीच्या आत सांगितली.

काल ते कागद घेऊन परत आले. पाच गोष्टी धरतात म्हणे. कमरेचा घेर, बीपी, साखर, रक्तातली वाईट चरबी अन् चांगली चरबी. चरबीत बी चांगली असती, मला नवीनच. पाचांतल्या तीन बिघडल्या की एक लांबलचक इंग्रजी नाव लागतं. आज्जांच्या चार, सोमेशच्या तीन. आज्जा म्हणले, 'मला दुखत तर काहीच न्हाई.' तनुजा म्हणली, 'आजोबा, दुखत न्हाई म्हणूनच कुणी बघत न्हाई. आत्ता खाणं-फिरणं सुधारलं तर मागं फिरतं. न्हाईतर पुढं साखर पक्की, अन् हार्टाचा मामला.' तीन महिन्यांनी परत येतो म्हणलेत.

माझी पाळी आली तवा मशीनची बॅटरी उतरली. तसं बी मी भजी तळत व्हते, पाव्हण्यांना कोरडं कसं पाठवायचं? चहा बिनसाखरेचा मागितला. माझ्या हाताला तसा चहा येतच न्हाई. अर्धाच चमचा घातला, सांगितलं न्हाई.

यंदा येळवसची अमावस्या डिसेंबरच्या तीस तारखेला हाय, शेतात पूजा. तू ये. अन् एक गोष्ट तुलाच सांगते. गेल्या येळवसला आंबिलीचं गाडगं डोक्यावर घेऊन शेताला फेरी मारताना मी अर्ध्यात बोरीखाली बसले ना, पाय मुरगळला म्हणून? मुरगळला न्हवता. दम लागला व्हता. सासूबाईनं जाताना तो मान माझ्या हातात दिला व्हता, अन् पुढची फेरी तुझ्या आईनं मारली. यंदा मी पुरी मारणार. कुणाला बोलू नको.

तुझी अव्वा

*

किनवट, रविवार, २९ सप्टेंबर

प्रिय अव्वा,

तुझं पत्र इथल्या पोस्टमनकाकांनी हसत हसत दिलं. पाकिटावर तू 'मंजूलाच द्यावे, दुसऱ्यानं वाचू नये' असं लिहिलंस, म्हणून पत्त्याला जागाच उरली नव्हती.

आता ऐक. आज्जा आणि पप्पांना घाबरवू नकोस, पण सोडूही नकोस. हे एका दिवसात झालेलं नाही. दिवसाला सहा कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. चहाबरोबर खारी. दुपारी भाकरीवर भाताचा डोंगर, वर तूप. दुकानातून नऊला येऊन जेवायचं आणि लगेच आडवं व्हायचं. आपला धाकटा शिवांश क्लासवरून येताना वडापाव आणतो तो वेगळाच, आणि तो एकटा खात नाही, मला माहीत आहे.

तू एवढंच कर. भाकरी राहू दे, ती चांगलीच आहे, पण दोनच्या वर नको. भात निम्मा. ताटात आधी पालेभाजी आणि वरण. साखर हळूहळू कमी कर, एकदम काढलीस तर आज्जा हॉटेलात जाऊन पितील. तेल पळीनं नाही, चमच्यानं घाल. रात्रीचं जेवण साडेसातला आणि त्यानंतर दोघांना अर्धा तास चालायला पाठव. आज्जा नाही म्हणाले तर गुरम्मा आजीला सांग, 'आमचे हे रोज फिरतात.' मग ते नक्की फिरतील.

तुझी मला काळजी नाही. तू पहाटेपासून राबतेस, तुझं सगळं आपोआप जिरतं. दमाचं मात्र नीट बघू. येळवसला रजा टाकते.

आणि अव्वा, टेपला बॅटरी कुठली गं?

तुझी मंजू

*

लातूर, मंगळवार, १५ ऑक्टोबर

मंजू,

दसऱ्याचं सोनं पाकिटात घातलंय, चुरा झाला असंल तर पोस्टाला बोल.

काय सांगू तुला! आज्जांच्या करदोड्याची एक कडी निघाली. खरंच. ढिला होऊन राहिला म्हणून सराफाकडं नेला. चष्मा कपाळावर चढवून तो म्हणतो, 'अव्वा, इतक्या वर्सांत पहिल्यांदा काढायला आणलात. घरी सगळं ठीक हाय ना?' मी म्हणलं, ठीक हाय म्हणूनच काढून राहिले!

तुझी युक्ती चालली. गुरम्माला ऐकू जाईल असं म्हणलं, 'ह्यांना फिरल्याबिगर झोपच येत न्हाई.' दुसऱ्या दिवशी आज्जा बूट घालून तयार. आता बाप-लेक दोघं मैदानाला चार चकरा मारतात. सोमेश पुढं पळतो, आज्जा मागून वरडतात, 'अरं, दुकान बंद हाय, गिऱ्हाईक पळालं न्हाई!' खारी बंद. चहा तीनवर आला. दोघांनी भाकरी निम्मी केली, भात तर नावालाच. तुझी आई बी कमीच वाढून घेती. शिवांशनं वडापाव सोडला म्हणतो, देवाला ठाव.

अन् मी? मी सगळ्यांची सरदार. पण एक सांगू, आमच्या घरात अन्न एक कण वाया जात न्हाई. तुझ्या पणजीनं मला नवी नवरी असताना शिकवलं, ताटातलं जेवण म्हणजे परसाद. टाकायचा न्हाई. ताट धुऊन ते पाणी बी प्यायचं. माझ्या हाताला परातीत पीठ घ्यायची सवय ती अकरा माणसांच्या घरातली, तवापासून हात तेवढाच उचलतो. ह्यांनी कमी खाल्लं म्हणून काय झालं, सगळ्यांचं झालं की मी बसते अन् भांडी लख्ख. तुझी आई म्हणती, 'अत्या, राहू द्या, उद्या बघू.' मी म्हणते, उद्याचा उद्या. शिळं ठेवायचं घर न्हाई हे.

बाकी मी बरी हाय. शिंप्यानं मेल्यानं नवी चोळी आखूड शिवली, दंडाला बसत न्हाई. जुन्या बी आखूडच वाटून राहिल्या, साबण खराब हाय बहुतेक. यंदा ऊन लई, तांब्या तांब्या पाणी पिते तरी घसा कोरडाच. पायाला मुंग्या येतात, पण त्या उभं राहून राहून. येळवसपर्यंत जातील.

टेपचं विचारलंस. टेप न्हवे, दुसरं मशीन व्हतं. मी म्हातारी, मला सगळी मशीनं सारखीच.

तुझी अव्वा

*

किनवट, सोमवार, २१ ऑक्टोबर

अव्वा,

हे पत्र दोनदा वाच.

मागच्या पत्रात मी लिहिलं की तुझी काळजी नाही. चूक झाली माझी. तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं. आज्जांनी भाकरी निम्मी केली, पप्पांनी केली, आईनं केली. पीठ तेवढंच. भांडी लख्ख. मग ती सगळी निम्मी कुणाच्या पोटात गेली? घरातल्या सगळ्यांचा आहार कमी झाला आणि सगळ्यांचं उरलेलं एकटीनं जेवलीस तू, अव्वा. महिनाभर.

चोळी आखूड नाही शिवलेली. घसा कोरडा पडतो तो उन्हानं नाही, साखर वाढली की पडतो. पायाच्या मुंग्या मी इथं रोज बघते. दम तर तूच सांगितलास.

उद्या सकाळी पूजा कर, काही न खाता आईला घेऊन दवाखान्यात जा. साखर, बीपी, सगळं. येळवसची फेरी तुला मारायची आहे ना? मग ही पहिली चक्कर.

रागावू नकोस. पण रागावलीस तरी जा.

मंजू

*

लातूर, गुरुवार, ७ नोव्हेंबर

मंजू,

रागावले. लई रागावले. तुझं पत्र चिवड्याच्या डब्याखाली दडवून ठेवलं अन् दिवाळीभर त्या डब्याकडं बघितलं न्हाई. म्हणलं, सत्तरीला आलेल्या बाईला नातीनं भाकरी मोजून सांगाव्या! मी काय चोरून खाते व्हय? परसाद खाते.

मंग पाडवा आला. आज्जांच्या करदोड्याची दुसरी कडी काढायची व्हती. दर पाडव्याला वाढवायची, यंदा काढायची, माझी छाती फुगली व्हती. सराफाकडून घेऊन आले. घरात कुणी न्हवतं. आज्जा सोमेशसंगं दुकानाच्या पूजेला गेले व्हते. मी सयपाकघरात उभी, हातात करदोडा. मनात आलं, बघू तर. नऊवारीवरून कमरेला लावला.

मिळेना.

मागून घेतला, पुढून घेतला, पोट आत ओढलं, श्वास धरला. दोन टोकांत चार बोटांचं अंतर. ज्या माणसाच्या पोटाला मी गल्लीभर मिरवलं, त्याच्या करदोड्यात मी मावेना! अन् काढलेल्या दोन्ही कड्या माझ्या चंचीत पडलेल्या. मला एवढं हसू आलं, एवढं हसू आलं, की खाली बसले. तुझी आई आली, म्हणती, 'अत्या, काय झालं?' मी करदोडा दाखवला. ती बी बसली. दोघी हसून हसून रडलो. मंग मी तिला तुझं पत्र दिलं. चिवड्याचं तेल लागलंय त्याला.

दुसऱ्याच दिवशी गेलो. उपाशीपोटी साखर एकशे अडुसष्ट. बीपी बी वर. कंबर एकशे सात. पाचांतल्या चार माझ्या, आज्जांच्या बरोबरीला आले. डॉक्टरबाईंनी गोळी दिली अन् विचारलं, 'आजी, घरात कोण कधी जेवतं?' मी सांगितलं, सगळे जेवल्यावर मी. 'मग उरलेलं?' तुझी आई माझ्याकडं बघून राहिली. मी खरं सांगितलं.

घरी आले तर आज्जा ओट्यावर. त्यांना तुझी आई सगळं सांगून मोकळी झाली. कधी न्हाई ते ते सयपाकघरात आले. ती मोठी परात उचलली, म्हणले, 'ही वर ठेवा. आपल्या घरात आता पाच माणसं हायत.' माळ्यावर चढवली बी. मी म्हणलं, अवो, पडाल! खाली बारकी परात उरली, तुझ्या आईची. तिच्यात माझा हात पुरा मावत न्हाई, म्हणून पीठ आपोआप कमी येतं. तुला पटतंय का? इतकी वर्सं हाताला कुणी अडवलं न्हाई, एका बारक्या परातीनं अडवलं.

परसादाचं बी सुटलं. तुझी आई म्हणती, 'अत्या, परसाद टाकायचा न्हाई खरं, पण वाढायचाच कमी. पहिल्यांदा थोडं घ्यायचं, लागलं तर परत.' एवढं सोपं मला कधी सुचलं न्हाई बघ. भगुण्यात उरलंच तर ते कुणाच्या ताटातलं नसतं, डबा भरून गुरम्माला. ती एकटी हाय, तिला चूल पेटवायचा कंटाळा.

अन् सगळ्यात मोठी गोष्ट शेवटी ठेवली. त्या दिवशी संध्याकाळी आज्जा म्हणले, 'आज तुम्ही बी बसा पंगतीला.' मी म्हणलं, मंग वाढणार कोण? तर म्हणले, 'मी वाढतो.' लगीन झाल्यापासून कधी पळी हातात धरली न्हाई, मंजू. आमटी माझ्या ताटात घालताना निम्मी पाटावर सांडली. सोमेश म्हणला, 'बाबा, तेल कमी करायला सांगितलंय, आमटी न्हवे.' मी गरम भाकरी खाल्ली. तव्यावरून उतरलेली. गरम भाकरीची चव मी विसरूनच गेले व्हते.

सकाळी मी बी आता मैदानाला जाते, तुझ्या आईसंगं. दोन चकरा. एका बाकड्यावर बसते, मंग दुसरी.

तुझी अव्वा

*

किनवट, बुधवार, १८ डिसेंबर

माझ्या अव्वा,

तुझी पत्रं मी उशीखाली ठेवलीत. आज्जांच्या आमटीचं इथल्या आशाताईंना वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या, 'आमच्याकडं पण असा एक आज्जा पाठवा.'

एक वाईट बातमी. येळवसला येता येत नाही. त्याच आठवड्यात इथल्या दोन बायकांच्या डिलिव्हरीच्या तारखा आहेत, रस्ता खराब, मी नसले तर त्यांना तालुक्याला जावं लागेल. रडू आलं मला.

आणि एक कबुली. तुझ्या करदोड्याचं वाचून मी पण टेप लावली. ब्याऐंशी! दिवसभर चहा आणि बिस्किटाचा पुडा. सल्ले देणारीनं स्वतःची कंबर मोजलीच नव्हती. पुडा बंद केलाय. कोणाची नात आहे ते कळलं.

फेरी सावकाश मार. दम लागला तर बस. बसलीस तर खरं सांग, पाय मुरगळला म्हणू नकोस. आणि सगळं लिही.

तुझी मंजू

*

लातूर, गुरुवार, २ जानेवारी

मंजू,

त्या दोघींची सुटका नीट झाली का? पोरगी का पोरगा? त्यांना डिंकाचे लाडू देऊ नको म्हणणार न्हाई मी, बाळंतिणीचं वेगळं.

आता येळवसचं. शेतात सगळ्यांच्या आधी कोण आलं असंल? गुरम्मा! आमचा टेम्पो पोचायच्या आधी कुणाच्या तरी मोटरसायकलवर बसून आली. कडब्याच्या कोपीत पाय पसरून बसलेली, म्हणती, 'मी म्हणलं, लक्ष्मम्मा फेरी पुरी करती का बघावं.' तिला कुणी सांगितलं, सांग? तूच सांगितलं का? न्हाई, तुझ्या आईनं. तिच्या पोटात काही राहत न्हाई.

हरभरा गुडघ्याला लागला व्हता, ज्वारी पोटऱ्यात, कणीस यायच्या बेतात. कोपीत पूजा केली. आंबिलीचं गाडगं तुझ्या आईनं माझ्या डोक्यावर ठेवलं, मागून आज्जा पळसाच्या डहाळीनं आंबिल शिंपडत, त्यांच्यामागं सोमेश, शिवांश, अन् सगळ्यात शेवटी गुरम्मा, साक्षीदार.

पहिला बांध सरळ गेला. दुसऱ्यावर चढ हाय. बोर दिसली. मंजू, तिथं माझ्या छातीत धडधड झाली, दमानं न्हाई, भीतीनं. आज्जा मागून हळूच म्हणले, 'थांबायचं का?' मी थांबले. गाडगं डोक्यावरच. उभ्या उभ्या दहा श्वास घेतले, मनात मोजले. बसले न्हाई. मंग निघाले. तिसरा बांध, चौथा बांध, अन् कोपीपाशी आले तवा आंबिल माझ्या मानेवरून पाठीत उतरली व्हती, पण गाडगं खाली आलं ते माझ्याच हातानं. सासूबाई असत्या तर म्हणल्या असत्या, 'सांडलीस की गं.' गुरम्मा एवढंच म्हणली, 'बसली न्हाई खरं.' तिच्याकडून एवढं म्हणजे लई झालं.

पंगतीला मी पहिल्या ओळीत. भज्जी भरपूर घेतली, सगळ्या शेंगा, पालेभाज्या, गाजरं त्यातच असतात ना. बाजरीच्या पिठाचा वाफवलेला उंडा एक. गेल्या साली तीन अन् वर इतरांच्या ताटातलं अर्धं. खीर एक वाटी घेतली, येळवस हाय, तू काही बोलू नको. आंबिल दोन तांबे.

अन् दुसऱ्या दिवशी सकाळी सातला कोण दारात? तनुजा अन् सत्यम! तीन महिने म्हणून साडेतीन महिन्यांनी आले, अन् आले ते नेमके येळवसच्या दुसऱ्या दिवशी. सोमेश म्हणला, 'परीक्षेच्या आदल्या दिवशी जेवण घालून मंग वजन करता व्हय!' आज्जा अठ्ठ्याण्णव. सोमेश शहाण्णव. तुझी आई त्र्याऐंशी. बीपी आज्जांचं बी उतरलं, डॉक्टरबाईंची गोळी त्यांना बी व्हती, ती चालू ठेवा म्हणले.

मंग मी बोलावलं नसताना पुढं आले अन् हात वर केले. सत्यम म्हणला, 'आजी, आज बॅटरी हाय का?' पोरगं लबाड, सगळं लक्षात ठेवतं. एकशे तीन! दोन महिन्यांत चार उतरले. बोटातून रक्त काढलं, उपाशीपोटी एकशे चोवीस. तनुजा म्हणली, 'आजी, असंच चालू ठेवा, हे सगळ्यात अवघड काम तुम्हीच केलंय.' मी तिला बिनसाखरेचा चहा दिला. खरोखर बिनसाखरेचा. तिनं एक घोट घेतला अन् तोंड वाकडं केलं. म्हणती, 'आजी, मागच्या वेळचा चहा लई छान व्हता.' मी पदराआड हसले.

ते गेल्यावर मी करदोडा मागितला. कमरेला लावला. दोन बोटं राहिली, मंजू. चारावरून दोन. आज्जांना लई ढिला होऊन राहिला, ते म्हणले, 'तिसरी कडी काढायला घेऊन जाऊ का?' मी म्हणलं, थांबा, इतके पळू नका, आधी मला गाठू द्या. आज्जा हसले, अन् दोरा बांधून घट्ट केला. म्हणले, 'थांबतो.'

तनुजा अन् सत्यम परत शिवरात्रीच्या आदल्या दिवशी येतो म्हणलेत. मंगळवार, पंचवीस फेब्रुवारी, सकाळी सात.

तुझी अव्वा